आधी घरात कोण राहणार ते सांगा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात आपल्या पहिल्या खजिनदारांनी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे संक्षिप्त केले आहे.)



सेक्रेटरींनी मला फोन करून सांगितलं, "काका, सोसायटीच्या इतिहासावर वीस मिनिटं बोला." मी म्हटलं, इतिहास प्रोसीडिंग बुकात आहे. नोंदणी १९९९ साली, पाया भरणी त्याच वर्षी दिवाळीनंतर, २००१ च्या दसऱ्याला राहायला आलो. संपला इतिहास. सभासद चोवीस, मजले तळ धरून तीन, थकबाकीदार नेहमीचेच. (नावं घेत नाही, आज सणाचा दिवस आहे.)

म्हणून मी विषय थोडा बदलून घेतला आहे. ही इमारत अशीच का झाली, या कल्पना कुणाच्या डोक्यातून आल्या, आणि एक कल्पना मी स्वतःच्या हातानं कशी खोडली, हे आज सांगणार आहे. शेवटी एक विनंतीही करणार आहे. ती पुढच्या महिन्यातल्या विशेष सर्वसाधारण सभेशी संबंधित आहे, तेव्हा मधेच उठून जाऊ नका.

मी काही इंजिनिअर नाही. बी.कॉम. होऊन बँकेत लागलो, छत्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली पहिली बरीच वर्षं साताऱ्यात आणि नंतरची सांगलीत. पण घरबांधणीच्या कर्जाचं टेबल माझ्याकडं खूप वर्षं होतं. सातबारा, एन.ए. ऑर्डर, सर्च रिपोर्ट, एस्टिमेट आणि मंजूर नकाशा अशी फाईल असायची. शेकडो नकाशे मी पाहिले. माणूस शिक्षक असो, हळदीचा अडत्या असो, नाहीतर एस.टी.चा कंडक्टर असो, नकाशा तोच! पुढं हॉल, मागं किचन, बाजूला दोन बेडरूम. कर्जदाराला विचारलं की "असंच का?" तर उत्तर यायचं, "शेजारच्यांचं असंच आहे की ओ साहेब." घर बांधणारा आयुष्याची पुंजी घालत होता, पण घरात आपण राहणार कसं, यावर अर्धा तास घालवत नव्हता. हे मला तेव्हा खटकायचं. पण बँकेच्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता, म्हणून मी सही करून मोकळा व्हायचो.

माझं बालपण साताऱ्यात, मंगळवार पेठेतल्या एका वाड्यात गेलं. वाडा आमचा नव्हता, आम्ही भाडेकरू. चौकात तुळस, कडेनं सोपा, वर माडी. मे महिन्यात दुपारी सगळी बिऱ्हाडं सोप्यात यायची, कारण तिथं गार असायचं. आजी सोप्याच्या खांबाला टेकून बसायची. तिथून तिला दिंडी दरवाजाही दिसायचा आणि आमचा स्वयंपाकही. कोण आलं, कोण गेलं, कुणाचं दूध उतू गेलं, सगळं एका जागेवरून. लहानपणी वाटायचं, वाडा म्हणजे जुनं, अंधारं, पडकं काहीतरी. आता कळतं की त्यातली एकेक गोष्ट कुणीतरी विचार करून केली होती.

आपल्या सातारा जिल्ह्यात तर असा विचार करणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. वाईला आपण सगळे जातो. ढोल्या गणपतीला नमस्कार करतो, घाटावर फोटो काढतो आणि परत येतो. पुढच्या वेळी गेलात की देवळाच्या मागच्या बाजूला जाऊन बघा. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली हे देऊळ बांधलं, तेही कृष्णेच्या अगदी काठावर. पूर येणार हे ठरलेलं. मग मागची भिंत सरळ न बांधता निमुळती केली, माशासारखी. कुणी म्हणतं नावेच्या नाळेसारखी. पुराचं पाणी आलं की भिंतीला धडक न देता दोन बाजूंना फाटून निघून जातं. अडीचशेहून अधिक वर्षं झाली, देऊळ उभं आहे. आता ही कल्पना कुठून आली असेल? मला वाटतं, नदीत नाव चालवणाऱ्या माणसाला विचारलं की सुचतं. ऑफिसात बसून सुचत नाही.

दुसरं उदाहरण लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीचं. साताऱ्याजवळच आहे, ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी सहल काढावी. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाईसाहेबांनी ती बांधवून घेतली, शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४. काम साधं होतं, आमराईला पाणी द्यायचं. पण एका वेळी बारा मोटा चालतील अशी अष्टकोनी विहीर बांधली आणि तिच्या पोटातच छोटा महाल केला. उन्हाळ्यात पाण्याजवळची गार हवा महालात येते. शेतीची सोय आणि बसायची सोय एकाच बांधकामात. बांधवून घेणारीला काय हवंय हे बांधणाऱ्याला नीट कळलं असलं पाहिजे, त्याशिवाय अशी वास्तू होत नाही.

आणि आपल्या सांगलीचं? हरिपूरची हळदीची पेवं. जमिनीत खोल खड्डा, आत हळद, वरून बंद. तिथली माती अशी की हळद कीड न लागता वर्षानुवर्षं टिकायची. त्या पेवांवर सांगलीची हळदीची पेठ उभी राहिली. व्यापाऱ्याची गरज आणि तिथली माती, दोघांनी मिळून काढलेला तो नकाशा. पण २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि बरीच पेवं निकामी झाली. म्हणजे जागा आपल्याला कल्पना देते, तशी ताकीदही देते. दोन्ही ऐकायला लागतात.

आता १९९९ कडे येतो. आम्ही चोवीस जण. बँकवाले, शिक्षक, वीज मंडळातले, एक निवृत्त तलाठी, दोन दुकानदार. प्लॉट घेतला तो काळ्या मातीचा आणि थोडा सखल, म्हणूनच परवडला. एका ओळखीनं तरुण आर्किटेक्ट मिळाले. पहिली बैठक माझ्या घरी झाली. आम्ही अकरा पुरुष यादी घेऊन बसलो होतो. टू बीएचके, अटॅच्ड बाथरूम, बाल्कनी, गेटवर कमान. एका सभासदाने तर बेंगलोरच्या एका बंगल्याचा फोटो आणला होता, वर घुमट होता.

आर्किटेक्टनी यादी वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "हे झालं खोल्यांचं. आधी घरात कोण राहणार ते सांगा."

आम्ही एकमेकांकडं बघायला लागलो. मी म्हटलं, "आम्हीच राहणार की."

ते म्हणाले, "तुम्ही दहा ते सहा ऑफिसात. दिवसभर घरात असतं कोण? त्यांच्यापैकी इथं एकही नाही."

मग त्यांनी दोन अटी घातल्या. पुढच्या रविवारी बायकांनी आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी यायचं. आणि प्रत्येक घराने एक कागद लिहून आणायचा: सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत घरात कोण, कुठं, काय करतं. खोलीचं नाव लिहायचं नाही, काम लिहायचं. मला हे पोरखेळ वाटलं. हे मी आज कबूल करतो. मी हिला म्हटलंसुद्धा, "नकाशा काढायचा सोडून निबंध लिहायला लावतोय."

चोवीस घरांतून एकोणीस कागद आले. (उरलेले पाच कोण, ते मेंटेनन्सच्या रजिस्टरवरून ओळखता येईल.) त्या कागदांतून काय काय निघालं ते ऐका, म्हणजे आज ज्या गोष्टी तुम्ही रोज वापरता त्या कुठून आल्या ते कळेल.

आपल्या गुरुजींच्या आईंनी नातवाकडून लिहून घेतलं होतं, "मी दिवसभर दारात बसते, कारण आत बसलं की माणूस दिसत नाही." फक्त एवढी एक ओळ. आर्किटेक्टनी ती मोठ्यानं वाचून दाखवली. जिन्याच्या प्रत्येक मजल्यावर जो रुंद सोपा आहे, दगडी कट्टा आणि जाळी आहे, तो त्या एका ओळीतून आला. माझ्या आजीचा सातारचा सोपाच तो, फक्त आर.सी.सी.त. पंचवीस वर्षं त्या कट्ट्यावर भाज्या निवडल्या गेल्या, लग्नं जमली, एक-दोन मोडलीसुद्धा. गुरुजींच्या आई जाईपर्यंत त्याच कट्ट्यावर बसायच्या.

वीज मंडळातले आपले लाईनमन काका. ते बोलायला संकोचत होते. शेवटी म्हणाले, "साहेब, मीटर खाली लावू नगासा. पुरात मीटर बुडालं की आठ-आठ दिवस लाईट येत न्हाई. मी खांबावर चढून चढून थकलोय." म्हणून आपला मीटर बोर्ड जिन्याच्या पहिल्या वळणावर आहे. तेव्हा दुसऱ्या सोसायटीचे लोक हसायचे, मीटर वाचायला चढून जायचं का म्हणून.

गच्चीवर नळ आणि सावलीची छोटी खोली ही महिला मंडळाची. कुरडया, सांडगे, पापड करायला पाणी खालून बादलीनं वर न्यायचं असतं, हे आम्हा अकरा जणांपैकी एकालाही माहीत नव्हतं. हॉलच्या खिडकीत जो चार फुटांचा दगडी कोनाडा आहे, तो एका दहावीतल्या मुलीच्या कागदातून आला. तिनं लिहिलं होतं, "टीव्ही चालू असतो, मी दाराच्या मागं बसून अभ्यास करते." ती मुलगी आज स्वतः इंजिनिअर आहे आणि समोरच बसली आहे.

तलाठी अण्णा मात्र थेट बोलले. म्हणाले, "जिना रुंद करा. शेवटी न्यायला सोपं पडलं पाहिजे." बैठकीत एकदम शांतता. कुणीतरी म्हणालं, अहो शुभ कामाला बसलोय. आर्किटेक्टनी काही न बोलता वहीत लिहिलं, साडेचार फूट. आज त्याच जिन्यावरून फ्रीज जातो, कपाट जातं, नवरी येते. अण्णांनाही आपण त्याच जिन्यावरून नेलं, आणि कुणालाही वळणावर थांबावं लागलं नाही.

वास्तुशास्त्राचा वाद झाला. दोघा-तिघांना स्वयंपाकघर आग्नेयेलाच हवं होतं. एका मजल्यावर आठ घरं, प्रत्येकाला आग्नेय कोपरा आणायचा कुठून? आर्किटेक्ट वाद घालत बसले नाहीत. त्यांनी विचारलं, "तुमच्या घरच्यांना यातलं नेमकं काय हवंय?" तेव्हा वहिनी म्हणाल्या, "सकाळी स्वयंपाक करताना तोंड पूर्वेला असलं की झालं." मग चोवीस घरांचे ओटे असे फिरवले की उभं राहणारीचं तोंड पूर्वेला. दोन्ही बाजू खूष. पश्चिमेला जिना, संडास-बाथरूम टाकले, म्हणजे एप्रिलमधलं चारनंतरचं ऊन झोपायच्या खोलीच्या भिंतीवर येत नाही.

आणि ती कमान? घुमट? त्याला त्यांनी "नाही" म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "या कमानीखाली तुम्ही काय करणार?" फोटोवाले सभासद विचार करत राहिले आणि मग स्वतःच म्हणाले, "राहू द्या."

मला वाटतं, कल्पना सुचणं म्हणतात ते हेच. आपण समजतो, कलाकार माणसाला रात्री स्वप्नात काहीतरी दिसतं. तसं होतही असेल. पण आमच्या डोळ्यांदेखत ज्या कल्पना निघाल्या, त्या सगळ्या कुणाच्या तरी अडचणीतून निघाल्या. आर्किटेक्टचं कौशल्य हे की त्यांनी ती अडचण बोलती केली आणि मग तिला विटा-सिमेंटचं रूप दिलं.

मोठमोठ्या लोकांनीही हेच केलं, असं मी नंतर वाचलं. निवृत्तीनंतर हा नादच लागला. लॉरी बेकर नावाचे इंग्रज आर्किटेक्ट केरळात राहिले, तिथलेच झाले. गांधीजींनी त्यांना सांगितलं होतं की आदर्श घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या सामानातून बांधावं. ते त्यांनी जन्मभर लक्षात ठेवलं. टाकाऊ कागदांवर नकाशे काढायचे आणि गरिबाच्या घराला श्रीमंताइतकाच वेळ द्यायचे. आपल्या महाराष्ट्रात, नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात एक वसाहत केली. सात-सात घरांच्या मधे एक अंगण. प्रत्येक घराच्या भिंती स्वतंत्र, म्हणजे पैसा आला की शेजाऱ्याला न विचारता घर वाढवता यावं. पुण्यात १९२७ साली जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी इंदूरला 'अरण्य' वसाहतीत गरीब कुटुंबांना जोतं, संडास आणि एखादी खोली एवढंच दिलं. बाकीचं घर ज्याचं त्यानं, जमेल तसं बांधावं. याच दोशींना २०१८ साली प्रित्झकर पुरस्कार मिळाला. आर्किटेक्टच्या जगातलं ते नोबेलच म्हणतात. असा पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय. इतका मोठा माणूस, पण त्यानं नकाशातली अर्धी जागा राहणाऱ्यासाठी कोरी सोडली.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. इथपर्यंत मी आमची शेखी मिरवली. आता चूक सांगतो.

प्लॉट सखल होता. आर्किटेक्टनी शेजारच्या शेतातल्या म्हातारबांना विचारलं, पाणी कुठवर येतं? ते म्हणाले, "ह्या बांधापातुर येतंय. माझ्या बानं बघितलंय." कागदोपत्री कुठंही ही नोंद नव्हती. तेवढ्यावर आर्किटेक्टनी जोतं रस्त्यापासून चार फूट उंच धरलं. काळी माती खणून काढून मुरूम भरला, खर्च वाढला. मी खजिनदार. मी हिशेब मांडत होतो. चार फूट जोतं म्हणजे आठ पायऱ्या. त्यांनी नकाशात पायऱ्यांच्या शेजारी रॅम्प दाखवला होता. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, म्हणजे चार फुटांना अठ्ठेचाळीस फूट, मधे एक वळण. खर्च ३८,४०० रुपये, शिवाय सहा स्कूटरची जागा जाणार.

मी सभेत उभा राहिलो आणि म्हणालो, "आपल्यात पांगळं कोण आहे?" लोक हसले. आर्किटेक्ट म्हणाले, "साहेब, जोतं आणि रॅम्प या दोन गोष्टी नाहीत, एकच गोष्ट आहे. जोतं उचललं की रॅम्प द्यावाच लागतो." मी म्हटलं, पुढं बघू. ठराव एकमताने मंजूर. आमची ही तेव्हा बायकांच्या रांगेत बसली होती. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "म्हातारं तर सगळ्यांनाच व्हायचंय." मी तिकडं दुर्लक्ष केलं. प्रोसीडिंग बुकात तो ठराव माझ्याच अक्षरात आहे, आणि तो मी आज सकाळी पुन्हा वाचून आलो.

३८,४०० भागिले चोवीस म्हणजे घरटी १,६०० रुपये. एवढे आम्ही वाचवले.

२०११ साली श्रावणात ही न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला ऑपरेशन झालं, बारा दिवसांनी ॲम्ब्युलन्समधून घरी आणलं. ॲम्ब्युलन्स गेटच्या आत आली, पायऱ्यांजवळ थांबली. समोर आठ पायऱ्या. आपल्या सोसायटीतल्या चार मुलांनी खुर्चीसकट तिला उचललं. ती घाबरली होती, पण मला बघून म्हणाली, "बघा, तुमचे सोळाशे रुपये वसूल झाले." मुलं हसली. मला हसता आलं नाही.

त्यानंतर सात महिने ती खाली उतरली नाही. म्हणजे तशी चाकाच्या खुर्चीत बसत होती, घरात फिरत होती. पण रोज चार मुलांना हाका मारायच्या कशा? मुलं येतच होती हो, एकानंही कधी कंटाळा केला नाही. तीच नको म्हणायची. आठ पायऱ्यांच्या पलीकडं तिची तुळस होती, भाजीवाली यायची, संध्याकाळी बायका बसायच्या. ती दारात खुर्ची लावून वरून बघायची. गुरुजींच्या आईंसाठी आम्ही कट्टा केला आणि माझ्याच घरातल्या माणसाला मी पायऱ्यांच्या वर अडकवून ठेवलं.

२०१२ च्या वार्षिक सभेत मी उठून ठराव मांडला आणि मागची चूक लेखी मान्य केली. गाडीची माझी जागा सोडली. तेच आर्किटेक्ट आले. फी घेतली नाही, आणि "मी म्हटलं होतं" असंही म्हणाले नाहीत. त्यांनी पहिल्यांदा हिच्याशीच बोलणं केलं. खुर्ची स्वतः ढकलता की कुणी ढकलतं? कुठं थांबावंसं वाटतं? ती म्हणाली, वळणावर तुळस ठेवा, म्हणजे थांबायला कारण मिळेल. रॅम्पच्या वळणावर आज जे वृंदावन आहे, ते असं आलं. खर्च तेव्हा दोन लाखांच्या घरात गेला, १९९९ च्या पाचपट. २०१६ ला ती गेली. तोवर चार वर्षं रोज संध्याकाळी ती स्वतः खाली उतरत होती.

आणि गंमत बघा. आज रॅम्प कोण वापरत नाही? गॅस सिलिंडरवाला, बाबागाडी, पोरांच्या सायकली, दुधाचे कॅन, गुडघे दुखणारे आम्ही सगळे. एकासाठी नीट केलेली गोष्ट चोवीस घरांच्या उपयोगी पडते, हे मी तेव्हा शिकलो, बासष्टाव्या वर्षी.

जोत्याचंही सांगतो. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलावर पाण्याची इशारा पातळी चाळीस फूट, धोका पातळी पंचेचाळीस, आणि पाणी गेलं सत्तावन्न फुटांच्या वर. आपल्या आवारात पाणी आलं, एकेक पायरी चढत गेलं. मी दारात बसून पायऱ्या मोजत होतो. सहा पायऱ्या बुडाल्या, दोन राहिल्या. घरात पाणी आलं नाही. आणि मीटर बोर्ड कोरडा होता. फीडर सुरू झाल्याबरोबर त्याच दिवशी आपल्याकडं दिवे लागले. आजूबाजूच्या लोकांनी मोबाईल चार्ज करायला आपल्या जिन्यात रांग लावली. लाईनमन काका तेव्हा हयात नव्हते. त्यांच्या सुनेनं मीटर बोर्डला हळद-कुंकू लावलं.

आता विनंती. पुढच्या महिन्यात लिफ्टचा विषय सभेपुढं आहे. आपण सगळे म्हातारे झालो आहोत. दुसऱ्या मजल्यावरच्या आठ घरांपैकी पाच घरांत सत्तरी ओलांडलेली माणसं आहेत. कमिटीनं तीन कोटेशन मागवली, चांगलं केलं. त्यातलं सर्वांत स्वस्त मंजूर करावं असं बऱ्याच जणांचं मत दिसतंय. मी जुना खजिनदार, स्वस्ताची भाषा मला कळते.

पण मी ते कोटेशन नीट वाचलं आहे. ती लिफ्ट जिन्याच्या बाहेरून, मधल्या टप्प्यावर थांबणार आहे. म्हणजे तिथून घराच्या दारापर्यंत नऊ पायऱ्या. ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत त्याच्यासाठी लिफ्ट, आणि लिफ्टमधून उतरल्यावर नऊ पायऱ्या! ही माझ्या १९९९ च्या ठरावाची दुसरी आवृत्ती आहे. दुसऱ्या कोटेशनमधली लिफ्ट थेट मजल्यावर, कट्ट्याच्या शेजारी उघडते. ती महाग आहे, एक खिडकी बंद होते, आणि कट्टा तीन फूट कमी होतो. त्यावर तळमजल्याच्या सभासदांचं म्हणणं, "आम्हाला लिफ्टचा उपयोग काय, आम्ही पैसे का द्यायचे?" प्रश्न वाजवी आहे. मीही तळमजल्यावरच राहतो. पण माझ्या घरासाठी रॅम्प झाला तेव्हा दुसऱ्या मजल्यानं घरटी पैसे दिले होते, आणि त्यांना त्याचा उपयोग काय असं कुणी विचारलं नव्हतं. माझा वाटा मी देणार आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. मतदान करायच्या आधी एक रविवार काढा. आर्किटेक्टना बोलवा. (ते आता साठीचे झाले आहेत, त्यांनाही लिफ्टचं महत्त्व पटलं असेल.) वरच्या मजल्यावरच्या आठ घरांनी पुन्हा एकदा कागद लिहावा. दिवसात किती वेळा उतरता, का उतरत नाही, हातात काय असतं, बरोबर कोण असतं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं नातवंडांनी लिहावं. कदाचित या दोन्ही कोटेशनमध्ये नसलेलं तिसरंच काहीतरी निघेल. गेल्या वेळी एका ओळीतून कट्टा निघाला होता. कट्टा तीन फूट कमी होण्याचं मलाही वाईट वाटतं, पण ते वाईट वाटणंसुद्धा कागदावर लिहा. आर्किटेक्टला अडचण सांगितली तरच त्याला काही सुचतं. नुसती यादी दिली तर यादीच परत मिळते.

आणि तरुण मंडळींना एक सांगणं. तुमच्यातले काही जण पुण्याला, बेंगलोरला, परदेशात फ्लॅट घेताय, बंगले बांधताय. नकाशा पसंत करायच्या आधी घरातल्या सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसाला विचारा, तुला काय हवंय. आमच्या बैठकीत मोठ्या आवाजात बोललेलं बहुतेक सगळं खोडलं गेलं, आणि दबक्या आवाजात बोललेलं बहुतेक सगळं बांधलं गेलं. एकच हळू बोललेलं वाक्य मी ऐकलं नाही. ते कुणाचं, ते तुम्हाला आता माहीत आहे.

वीस मिनिटांची पंचवीस झाली. बँकेत असतो तर ओव्हरटाईम मागितला असता. ज्यांनी ही इमारत उभी केली आणि जे आज आपल्यात नाहीत, त्यांना वंदन करतो. जेवण तयार आहे असा निरोप आलाय. रॅम्पवरून जा, पायऱ्यांवर आज रांगोळी आहे.

जय हिंद, जय महाराष्ट्र.